२२ कॅरेटचा पत्रा परत परत फुटतोय? आधी शिसं शोधा, तांब्याला शिव्या नंतर घाला

पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो. ज्याच्या मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात) आत्ता सोनं आहे आणि हातात वेळ नाही त्यानं एवढंच करायचं: फुटलेला पत्रा परत वितळवू नका, त्यात नवीन तांबं घालू नका, आणि त्याचा कीस (कानशीचा चुरा) डब्यातल्या बाकीच्या किसात तर अजिबात टाकू नका. वेगळी पुडी बांधा, वर तारीख घाला, बाजूला ठेवा. बाकीचं रात्री जेवून झाल्यावर वाचा.

मी बेळगावात शहापूरला काम करतो, कारखाना म्हणायचं पण खोल्या दोनच, मी, आमचे आबा आणि एक पोरगा. पाटल्या, बोरमाळ, ठुशीचं काम जास्त, सराफांकडून येतंय आणि खानापूर, हुक्केरी, निपाणीकडची घरची गिऱ्हाइकं मोड (जुने मोडायचे दागिने) घेऊन येतात ते वेगळं. प्रॉब्लेम असा की लगड (सोन्याची कांडी) ओतली की दिसायला झकास, पिवळी धमक, वर एक डाग नाही, आणि पत्रा मशीनच्या रुळातनं दुसऱ्या-तिसऱ्या पासला कडा फाटायला लागतात, करवतीला दात असतात तशा. ताव देऊन (लाल तापवून मऊ करून) परत घातली की चीर अजून आत जाते. तार काढायला घेतली तर जंत्रीच्या (तार ओढायच्या भोकांच्या पट्टीच्या) तिसऱ्या भोकात कट्ट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे दर वेळी होत नाही, दर वेळी झालं असतं तर आठ दिवसात कारण सापडलं असतं, पण चार लगडी लोण्यासारख्या ओढल्या जातात आणि पाचवी फुटते, ती पण नेमकी लग्नाच्या पाटल्यांची.

आधी मी काय काय करून बघितलं ते सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिला संशय गॅसवर, ज्योत कमी-जास्त केली, काही फरक नाही. मग सवागी (टाकणखार) वाढवली, मग कमी केली. मग तांबं. आबांचं एकच म्हणणं, "तांबं बदल, हल्लीचं तांबं तांबं नव्हं." बदललं. वायरचं काढून चांगलं पत्र्याचं आणलं, दोन लगडी नीट गेल्या, मी म्हटलं सुटलो, तिसरी फुटली. (वायरचं तांबं वापरत असाल तर एक बघून घ्या, वरनं पांढुरकं दिसतंय का, कथिलाचा मुलामा असलेली वायर येते, ती मुशीत घालू नका. पण आमचं दुखणं ते नव्हतं.) मग ताव, मंद लालऐवजी जास्त लाल, मग कमी. शेवटी आबांनी अमावस्येला ओतू नको म्हणून पण सांगून बघितलं. पौर्णिमेला ओतलेली पण फुटली.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली, वही घातली. दर लगडीला कुठल्या गिऱ्हाइकाची मोड, कीस किती, तांबं कुठलं, मूस नवी का जुनी, आणि फुटली का नाही. दोन-अडीच महिने. आबा हसायचे, "हिशेब लिहितोयस का पोथी?" म्हणून. पण त्या वहीतनंच चोर सापडला, पुढं येतोय त्याच्याकडं.

मधे माझा भाचा आला होता सुट्टीला, इंजिनिअरिंगला आहे. त्याला फुटलेला तुकडा दाखवला. त्यानं भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "मामा, हे दाण्याच्या आरपार फुटलंय का दोन दाण्यांच्या मधनं?" मी म्हटलं सोन्याला कसले दाणे रे. तर म्हणतो असतात की, सगळ्या धातूला असतात, वितळलेलं गार होताना हजार ठिकाणी बारके बारके खडे धरतात, ते वाढत वाढत एकमेकाला भिडतात, आणि भिडतात तिथं सांधा राहतो. चांगलं सोनं ओढलं की हे दाणेच लांबट होतात, सांधा सुटत नाही. आमचा तुकडा मोडला होता तिथं मात्र गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा रवाळ दिसत होता. म्हणजे दाणे धड होते, सांधा सुटला होता.

आता गूळ म्हटल्यावर मला ते एकदम कळलं, कारण आमच्या आजोळी गुऱ्हाळ बघत वाढलोय. काकवी माहीत आहे ना? रस आटला, साखर रवा धरायला लागली की जे रव्यात बसत नाही ते सगळं रव्याबाहेर ढकललं जातं, तीच काकवी. कढईत असताना सगळं एकजीव दिसतंय, काकवी वेगळी दाखवता येत नाही. गार होताना मात्र ती रव्याच्या मधे जाऊन बसते, आणि जास्त झाली की ढेप धड बसत नाही, हातात पाझरते, दाबलं की भुगा. शिसं सोन्यात हेच करतंय.

शाळेत द्रावक आणि द्राव्य शिकवलेलं आठवत असेल, पाणी द्रावक आणि साखर द्राव्य. आपल्या धंद्यात सोनं हेच द्रावक, आणि आपण ज्याला हीण म्हणतो ते द्राव्य. वितळलेल्या सोन्यात चांदी विरघळते, तांबं विरघळतं, जस्त विरघळतं, शिसं पण मजेत विरघळतं. म्हणून मुशीत बघून काही कळत नाही, कुणालाच नाही, पन्नास वर्षं काम केलेल्या माणसाला पण नाही. खरी परीक्षा घट्ट झाल्यावर. चांदी घट्ट सोन्यात पण विरघळलेलीच राहते, कितीही घाला, कारण चांदीचा अणू आणि सोन्याचा अणू मापाला जवळजवळ सारखे, दोघांची त्रिज्या १४४ पिकोमीटरच्या आसपास. तांब्याचा बारका, १२८, म्हणजे साधारण ११ टक्के लहान, पण चालतंय, जागा करून घेतो, आणि त्या बारकेपणामुळंच सोन्याला कडकपणा येतो. शिश्याचा अणू १७५. सोन्यापेक्षा वीसेक टक्क्यांनी मोठा. ह्यूम-रॉदरी म्हणून इंग्लंडचे एक धातुशास्त्रज्ञ होते, त्यांचा नियमच आहे की मापात १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला की घट्ट अवस्थेत नीट विरघळत नाही. मापाशिवाय बाकीची पण कारणं असतात, पण शिश्याच्या बाबतीत निकाल तोच, घट्ट सोनं त्याला जवळजवळ घेतच नाही, बाहेर ढकलतं. बाहेर म्हणजे कुठं, दाण्याच्या सांध्यात. आणि तिथं ते नुसतं पडून राहत नाही, सोन्याबरोबर ठिसूळ संयुग करून बसतं, ज्यात दोन अणू सोन्याचे आणि एक शिश्याचा. भिंतीच्या दोन विटांमधे सिमेंटऐवजी पापड ठेवल्यासारखं.

आणि हे शिसं २१५ अंशाच्या आसपासच सोन्यासकट पातळ व्हायला लागतं. सोनं स्वतः वितळतं १०६४ ला. म्हणजे आपण पत्र्याला ताव देतो तेव्हा बाहेरनं पत्रा घट्ट, आतनं सांधे पातळ. म्हणून ताव दिला की चीर बरी व्हायच्या ऐवजी वाढत होती! हे कळलं त्या दिवशी मला रागही आला आणि हसूही, इतके महिने आम्ही दुखण्याला औषध म्हणून तेच दुखणं देत होतो.

हीण म्हटलं की आपण सगळे टक्क्यात बोलतो, "किती हीण आहे." प्रश्न किती हा नाहीच. २२ कॅरेटमधे वजनानं ८.३३ टक्के तांबं घातलं तर अणूंच्या हिशेबानं ते २२ टक्के होतं, तांबं हलकं असल्यामुळं. म्हणजे जवळजवळ दर पाचातला एक अणू तांब्याचा, तरी सोनं ओढलं जातंय, वाकतंय, नात होईपर्यंत टिकतंय. आणि शिसं? शंभर ग्रॅमच्या लगडीत पन्नास मिलिग्रॅम पुरे. पन्नास मिलिग्रॅम शिसं म्हणजे साधारण दोन मिलिमीटरची गोळी, मोहरीचा दाणा म्हणा. हे काही नवीन शोधलेलं नाही, १८०३ मधे लंडनला चार्ल्स हॅचेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं सरकारच्या सांगण्यावरनं सोन्याच्या नाण्यांवर प्रयोग करून छापलंय की शिसं, बिस्मथ आणि अँटिमनी अगदी चिमूटभर असलं तरी सोनं ठिसूळ होतंय. २२० वर्षं झाली. आम्ही अजून तांब्याला शिव्या घालतोय.

तर आता चोर. वही काढून बसलो तर फुटलेल्या सगळ्या लगडींत एक गोष्ट सारखी, त्यात बोरमाळीच्या कामाचा कीस किंवा कातर (कापून उरलेले तुकडे) होती. पाटल्यांच्या कातरीची एकही फुटली नव्हती. बोरमाळीचे मणी आम्ही दोन वाट्या ठोकून जोडतो, आणि वाट्या ठोकायला काय वापरतो? शिश्याचा ठोकळा. आबांच्या वडिलांपासूनचा, वर खड्डे पडलेला, मऊ असल्यामुळं वाटीला वण पडत नाही म्हणून सगळे वापरतात. प्रत्येक वाटीच्या पाठीला शिश्याचा पुसट हात लागलेला, डोळ्याला दिसत पण नाही, फार तर जरा काळपट. वाटी चांगली झाली तर पुढं तापवताना तिथं बारकं भोक पडायचं (हे पण व्हायचं, आम्ही म्हणायचो ज्योत लागली), आणि वाटी बिघडली तर जायची कातरीच्या डब्यात. शिवाय ठोकळा त्याच पाटावर, ज्यावर कानस चालते. संध्याकाळी पोरगा ब्रशनं सगळं एकत्र झाडायचा. सोन्याचा कीस, शिश्याचा कीस, सगळं एका पुडीत.

तुम्ही म्हणाल धुवून घेत नव्हता का? घेत होतो की! पण कशात? नेहमीच्या गंधकाच्या तेजाबात, म्हणजे सल्फ्युरिक पाणी घालून पातळ केलेलं. आणि इथंच मेख आहे. गंधकाच्या तेजाबात शिसं विरघळत नाही, त्यावर पांढरा थर धरतो आणि तो पाण्यात जात नाही. गाडीच्या बॅटरीत काय असतंय, शिसं आणि हेच तेजाब, वर्षानुवर्षं एकत्र नांदतात. म्हणजे आम्ही रोज धुवत होतो आणि शिसं रोज तसंच राहत होतं. शिसं काढायला सोऱ्याचं तेजाब लागतंय, नायट्रिक, पातळ करून जरा कोमट. त्यात शिसं विरघळून जातं, २२ कॅरेटला विशेष काही होत नाही. वाटी ठोकली की पहिल्या तापवण्याच्या आधी त्यात बुडवायची, मग पाण्यात, मग पुढं. तापवण्याच्या आधी हे लक्षात ठेवा, एकदा तापवली की शिसं आत गेलं, मग वरनं धुवून काही उपयोग नाही. आणि नायट्रिकचा तांबडा-पिवळा धूर छातीत घेऊ नका, खिडकीत करा, आमच्या मागच्या पिढीतल्या लोकांचे खोकले आठवा. त्या धुतलेल्या पाण्यात आता शिसं आहे, ते मोरीत ओतायचं नाही, वेगळ्या बरणीत साठवा.

दुसरा चोर मोडीतनं येतोय. गावाकडची जुनी मोड असते, बुगडी, कुडी, पुतळ्या, त्यात कधी तरी कुणीतरी कथील-शिश्याचा डाख मारलेला असतो, रेडिओ-मोबाईलवाले वापरतात तो. मागं एका बाईंची मोड आली होती, कानातल्याची दांडी मोडली होती म्हणून घरच्याच कुणीतरी सोल्डरिंग गन मारलेली, बाई म्हणे "फुकट करून दिली की हो त्यानं." फुकट! मी भिंग लावून बघितलं नसतं तर ती फुकट दांडी बाकीच्या सगळ्या मोडीला घेऊन बुडली असती. राखाडी, मऊ, नखानं ओरखडा उठणारा डाख दिसला की तो भाग चांगला दोन मिलिमीटर सोडून कापून टाका, नुसता खरवडून नाही.

आता ज्यांची लगड ऑलरेडी नासलीय त्यांचं काय. आधी खात्री करा शिसंच आहे का. मी असं बघतो: लगडीचा छोटा तुकडा कापायचा, मंद लाल करायचा, आणि गरम असतानाच चिमट्यानं वाकवायचा. चांगलं सोनं गरम असताना मेणासारखं वाकतं. शिसं खाल्लेलं सोनं गरम असताना जास्त सहज तुटतं, बिस्किटासारखं, आणि तुटलेली बाजू रवाळ, मळकट दिसते. गार असताना सात-आठ पास नीट गेले आणि मग फुटलं तर ते शिसं नव्हं, तुम्ही मधे ताव द्यायला विसरलाय एवढंच, लपवू नका. फोड आले, पापुद्रे सुटले तर हवा अडकलीय किंवा ओतताना साचा गार होता.

शिसं असेल तर एकच सल्ला सगळे देतात, "चांगलं सोनं मिसळून पातळ कर." करू नका. हिशेब बघा, दहा ग्रॅममधे ०.१ टक्का शिसं म्हणजे दहा मिलिग्रॅम. ते ०.०१ टक्क्यावर आणायला लगड शंभर ग्रॅमची करावी लागेल. म्हणजे नव्वद ग्रॅम चांगलं सोनं एका दहा ग्रॅमच्या पापात पाडलं, आणि तेवढ्यानं पण फुटणार नाही याची हमी कोण देतोय. आमची लगड दर पाचवी फुटायची ती असंच, जुनी फुटकी नवीन चांगल्यात मिसळून मिसळून आम्हीच शिसं घरभर वाटत होतो.

प्रमाण थोडं असेल तर सवागीबरोबर चिमूटभर सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घालून वितळवायचं. सोरा ऑक्सिजन देतो, शिश्याचं भस्म होतं, सवागी ते ओढून घेते आणि वर काचेसारखा मळ येतो, तो गार झाल्यावर फोडून टाकायचा. दोन-तीनदा करावं लागतं. पण हे मातीच्या मुशीतच करायचं; ग्रॅफाइटच्या मुशीत किंवा कोळशावर सोरा टाकलात तर भडका उडेल, तोंडावर येईल. आणि तांबं पण थोडं जळतंय, म्हणजे कॅरेट जरा वर सरकतो, परत तपासून मग तांबं घाला. काही जण नवसागर टाकतात, जुनी पद्धत आहे, त्यातनं शिसं क्लोराईड होऊन धुरातनं जातं. १८६७ मधे मिलर नावाच्या माणसानं पेटंट घेतलेली रिफायनरीची पद्धत त्याच तत्त्वावर, वितळलेल्या सोन्यात क्लोरीन सोडायचा, सोनं सोडून बाकीचे धरले जातात. पण रिफायनरीत धूर ओढणारी यंत्रं असतात, आपल्या खोलीत आपलं फुप्फुस असतं. रसकापूर टाकणारे पण बघितलेत मी, त्यांच्या पाया पडून सांगतो नको, त्यात पारा आहे.

जास्त नासलं असेल तर सरळ शुद्ध करून घ्या. चौथाईची रीत आपल्याकडं जुनी आहेच, एक भाग सोन्यात तीन भाग चांदी घालायची, पातळ पत्रा किंवा दाणे करायचे, नायट्रिकमधे उकळायचे, चांदी, तांबं, शिसं सगळं पाण्यात जातं आणि तळाला विटकरी भुकटी राहते ते सोनं. इथं पण गंमत बघा, सोनं जास्त असलं तर तेजाब चांदीपर्यंत पोचतच नाही, सोनं तिला पोटात धरून बसतं. म्हणून आधी मुद्दाम चांदी वाढवून सोन्याला द्राव्य करायचं आणि चांदीला द्रावक, मग तेजाब काम करतंय. एकच अडचण, मोडीत कथील असेल तर त्याचा पांढरा गाळ होतो आणि भुकटीत अडकतो, मग ती परत साफ करावी लागते. मी स्वतः आता हे घरी करत नाही. शुद्ध करायला देतो, वजन करून, पावती घेऊन, घट आधी ठरवून.

हॉलमार्कवाल्यांना विचारून काय होईना का, असं पोरगा म्हणाला होता. विचारलं होतं. मशीनवर ठेवलं, ९१.६ आलं, "सोनं चांगलं आहे" म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतंच. एक्सरे मशीन पृष्ठभागाचे काही मायक्रॉन बघतं, आणि त्याचं पहिलं काम सोनं किती हे सांगणं. ९१६ म्हणजे हजारातले ९१६ सोन्याचे, उरलेले ८४ एकमेकात कसे नांदतात ते त्या शिक्क्यात नसतं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख-नंबर) शिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, गिऱ्हाईक आता नंबर मोबाईलवर टाकून बघतंय, चांगलंच आहे. पण फुटणाऱ्या लगडीला एचयूआयडी औषध नव्हं. आणि एक विरोधाभास सांगतो, खरी कसोटी, आगीतली, तिच्यात मुद्दाम शिसं घालतात! सोन्याचा नमुना शिश्याच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र वाटीत भट्टीत ठेवतात, तिथं शिसं द्रावक होतं, तांबं-बिंबं सगळ्याला स्वतःत घेतं, जळून भस्म होऊन वाटीत मुरतं, आणि वर उरतो फक्त सोन्या-चांदीचा मणी. तेच शिसं. तिथं सगळं निघून जातं म्हणून मित्र, आपल्याकडं मोहरीएवढं मागं राहतं म्हणून वैरी.

शिश्यासारखं दिसणारे पण शिसं नसलेले दोन-तीन प्रकार सांगतो. आजकाल तयार अलॉय मिळतो पुडीत, पिवळा, गुलाबी. त्यातला कास्टिंगचा अलॉय पत्र्याच्या कामाला वापरू नका, त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं, ओतीव दागिना चकचकीत निघावा म्हणून. सोनं-सिलिकॉनचं मिश्रण ३६३ अंशालाच पातळ होतं, म्हणजे सांध्यात बसायचं कामच. एकदा वापरलं तर निभावतं, पण तीच कातर परत परत वितळवून वर नवीन अलॉय घालत गेलात की सिलिकॉन साठत जातं. विकणाऱ्याला विचारा ओढायचा का ओतायचा. आम्हाला एकानं "दोन्हीला चालतंय" म्हणून दिला होता, एकालाच चालला.

दुसरं, इरिडियम-रुथेनियम, बाजारात ज्याला नुसतं पावडर म्हणतात. हे उलटं प्रकरण. शिसं निदान वितळलेल्या सोन्यात तरी विरघळतं, हे तिथं पण नीट विरघळत नाही, इरिडियम वितळायलाच २४०० अंशाच्या वर लागतं. वाळूच्या खड्यासारखं तसंच राहतं, इरिडियम सोन्यापेक्षा जड म्हणून तळाला बसतं. पत्रा फाटत नाही, पण पॉलिशला कडक ठिपके वर येतात, कानशीचे दात जातात, ठिपक्याभोवती शेपटीसारखी रेघ उठते. ते अम्लराजानं (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकचं मिश्रण) सोनं विरघळवून गाळल्याशिवाय जात नाही.

तिसरं १८ कॅरेटचं गुलाबी. ते आमच्याकडं कमी येतं पण पुण्या-मुंबईच्या पोरींच्या ऑर्डरी आता इकडं पण यायला लागल्यात. ७५ टक्के सोनं आणि बाकी सगळं तांबं घेतलं तर अणूंचा हिशेब जवळजवळ निम्मा-निम्मा होतो, द्रावक कोण आणि द्राव्य कोण हेच सांगता येत नाही. सावकाश गार केलं की ४१० अंशाच्या खाली हे अणू पलटणीसारखे ओळीत उभे राहतात, एक थर सोन्याचा, एक थर तांब्याचा, आणि धातू कडक होऊन फुटतो. त्याला शिसं शोधत बसू नका, ताव दिल्यावर लगेच पाण्यात टाका, ओळी लागायला वेळच द्यायचा नाही. थोडी चांदी घातली तरी बरं पडतं.

चांदीवाल्यांनी पण हसू नये. हुपरीकडचे आमचे पाहुणे आहेत, त्यांना विचारा चांदी थुंकते म्हणजे काय. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट ऑक्सिजन पिऊन बसते, आणि घट्ट होताना तो सगळा एकदम बाहेर टाकते, शिंतोडे उडतात, लगडीला फोड येतात. तिथं द्राव्य म्हणजे हवाच. वर कोळशाचा थर ठेवला की बास.

आता आमच्याकडं काय बदललं. शिश्याचा ठोकळा मागच्या खोलीत गेला, त्याचा वेगळा पाट, वेगळा ब्रश, आणि वाटी ठोकताना मधे पातळ कापड. नवीन ठोसे नायलॉनचे आणून बघितले, आबांना पटत नाहीत, "आवाजच येईना झालाय" म्हणतात. कीस चार डब्यात. गिऱ्हाइकाची मोड आली की आधी भिंग, मग ज्योत. जुन्या मुशी सगळ्या फेकल्या, भिंतीला काय चिकटलंय कुणाला ठाऊक. खाली झाडलेली धूळ आता दोन पिशव्यांत जाते, झारेकरी (सोनाराची धूळ धुवून सोनं काढणारा) आला की विचारतो, "मालक, ही दुसरी पिशवी एवढी जड का ओ?" आबा त्याला सांगतात, त्यात ह्याची पोथी आहे.

फुटक्या पुड्या एकत्र करून शुद्ध करायला दिल्या होत्या, घट धरून परत आल्या. परवा त्यातनंच खानापूरच्या पाटल्यांची लगड ओतली, सहा मिलिमीटरची पाऊणवर आणली, मधे तीन ताव, कडा सरळ. ती पण वहीत लिहिलीय. कुणाची लगड अजून फुटत असेल तर गरम वाकवलेल्या तुकड्याचा तुटलेल्या बाजूचा फोटो उजेडात काढून टाका, नुसतं "सोनं फुटतंय काय करू" लिहू नका, त्यावरनं मला पण काही सांगता येणार नाही.